पहिल्याच अंकात गाव उडालं, तर वाचक चिडणारच

गेल्या महिन्यात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेलो की मार्व्हलच्या ‘सिव्हिल वॉर’चा पहिला अंक मे २००६मध्ये आला, तेव्हा अमेरिकेतल्या कॉमिक्सच्या दुकानांत गिऱ्हाइकं काउंटरवरच हमरीतुमरीवर आली होती. त्या एका वाक्यावर पत्रांचा ढीग लागला. म्हणून या वेळचं सगळं सदर क्रॉसओव्हरला, म्हणजे अनेक मालिकांतली पात्रं एकाच गोष्टीत आणण्याच्या खेळाला, दिलं आहे, आणि त्यातही क्रॉसओव्हर सुरू होताना वाचक जो कल्लोळ करतात त्याला. मांगा (जपानी कॉमिक्स) कुठून सुरू करावं असं विचारणाऱ्यांनी महिनाभर दम धरावा.

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘सिव्हिल वॉर’ सिनेमा आधी पाहिला, मग कॉमिक मिळवलं. पहिला अंक मला एकदम भारी वाटला. पण तेव्हाच्या वाचकांचं म्हणणं वाचायला गेलो तर निम्मे लोक भडकलेले. त्यांना नक्की काय खटकलं होतं?
— एक वाचक, नाशिक

तुला भारी वाटला, कारण तो भारीच आहे. लेखक मार्क मिलर गोष्ट धाडकन सुरू करतो. रिॲलिटी शोसाठी कॅमेरे बरोबर घेऊन ‘न्यू वॉरियर्स’ नावाची पोरसवदा सुपरहिरोंची टोळी फरारी गुंडांच्या घरावर धाड घालते. त्यातला नायट्रो स्वतःचाच स्फोट घडवू शकतो, आणि तो घडवतो शाळेच्या शेजारी. सहाशेच्या वर माणसं मरतात, त्यात शाळेतली मुलं. लोक पेटून उठतात आणि सरकार कायदा आणतं, की अंगात शक्ती असेल तर नाव नोंदवा, सरकारी शिस्तीत या, नाहीतर तुम्ही गुन्हेगार. आयर्न मॅन कायद्याच्या बाजूने जातो, कॅप्टन अमेरिका विरोधात. शील्ड या सरकारी हेरसंस्थेच्या हवेत तरंगणाऱ्या जहाजावर कॅप्टनला पकडायला हत्यारबंद पथक उभं असतं, आणि हा गडी सगळ्यांना लोळवून खाली उडी घेतो आणि एका लढाऊ विमानावर स्वार होऊन निघून जातो. स्टीव्ह मॅकनिव्हनने काढलेलं ते दृश्य पाहून मी दुकानात उभ्या उभ्या मोठ्याने दाद दिली होती.

ते दुकान होतं कनेटिकट राज्यातल्या स्टॅमफर्डला. तू अंक वाचला आहेस, त्यामुळे तुझ्या लक्षात आलं असेल. नायट्रो फुटतो ते हेच गाव. मी तेव्हा विम्याच्या सॉफ्टवेअरच्या कामावर तिथे होतो. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रलहून आगगाडीने तासाभरावर, समुद्राच्या खाडीला लागून असलेलं, वस्ती सव्वा लाखाच्या आसपास, वित्तसंस्थांच्या काचेच्या इमारती, आणि कुस्तीवाल्या डब्ल्यूडब्ल्यूईचं मुख्यालय. यापलीकडे त्या गावाची फारशी ख्याती नव्हती. अमेरिकेत नवी कॉमिक्स बुधवारी येतात. त्या बुधवारी संध्याकाळी दुकानात गेलो तर निम्मे लोक खूश, का, तर दरवेळी न्यूयॉर्कच्या इमारती पाडणाऱ्या मार्व्हलने अखेर आपल्याकडे लक्ष दिलं! एक जण नकाशा हातात असल्यासारखा वाद घालत होता की स्फोट नक्की कुठल्या चौकात झाला असेल. आणि एक प्राथमिक शाळेतला मास्तर, दर बुधवारी हमखास येणारा, अंक चाळून परत मांडणीवर ठेवून निघून गेला. तो काही बोलला नाही, पण पुढे त्याने ही मालिका घेतली नाही एवढं मी पाहिलं.

आता चिडलेल्यांकडे येऊ. सगळ्यांचा राग एक नव्हता, आणि इथेच तुझी गल्लत होते आहे.

पहिला राग होता न्यू वॉरियर्सच्या चाहत्यांचा. ही टोळी १९८९मध्ये ‘थॉर’च्या अंकांत अवतरली, १९९०मध्ये तिची स्वतःची मालिका आली. नव्वदच्या दशकात जी पोरं बारा-पंधरा वर्षांची होती, त्यांची ही आपली माणसं. २००६मध्ये ती पोरं तिशीला टेकली, अंक उघडला आणि बघतात तर नाइट थ्रॅशर, नमोरिटा, मायक्रोब पहिल्या काही पानांतच राख. वर दोष त्यांच्याच माथी. मोठ्या क्रॉसओव्हरला सुरुवातीला एखादं प्रेत लागतं, आणि ते प्रेत कुणाचं, तर ज्याची मालिका खपत नाही त्याचं. हा हिशेब वाचकांना कळत नाही असं प्रकाशकांना वाटतं. वाचकांना तो चांगला कळतो.

दुसरा राग राजकीय होता. ९/११ला पाच वर्षंही झाली नव्हती, दहशतवाद रोखायला आणलेल्या पेट्रियट कायद्यावरून घराघरांत मतभेद होते, आणि इथे मुखवटेवाले ‘सुरक्षा की स्वातंत्र्य’ म्हणत एकमेकांना बडवणार. काहींना वाटलं, कॉमिक्स अखेर मोठी झाली. काहींना वाटलं, जळत्या घरावर पापड भाजून घेतायत. माझं मत पहिल्यांच्या बाजूला झुकतं, पण दुसरे मूर्ख नव्हते.

तिसरा राग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो आजही विझलेला नाही. तो होता ‘हा माणूस असं वागणारच नाही’ या तक्रारीचा. पहिल्या अंकाच्या शेवटी राष्ट्राध्यक्षांसमोर टोनी स्टार्कबरोबर (म्हणजे आयर्न मॅनबरोबर) ‘फँटास्टिक फोर’चा म्होरक्या रीड रिचर्ड्स उभा आहे, कायद्याच्या बाजूने. झालं! जुन्या वाचकांनी कपाटातून ‘फँटास्टिक फोर’चे ३३५ आणि ३३६ हे अंक काढले. १९८९च्या अखेरीस आलेले. लेखक वॉल्टर सायमन्सन. त्यात अमेरिकी संसदेपुढे हाच विषय आहे, सुपरहिरोंची नोंदणी सक्तीची करावी का. आणि तिथे साक्ष द्यायला आलेला रीड रिचर्ड्स मुद्द्यामागून मुद्दा मांडत सांगतो की असा कायदा करू नका. सोळा-सतरा वर्षांपूर्वीचे अंक, आणि वाचकाला पानासकट आठवतात. लेखकाला, संपादकाला आठवत नसतील किंवा आठवूनही गैरसोयीचे वाटत असतील, पण ज्याने खिशातले पैसे घालून ते घेतले तो विसरत नाही. पुढे मार्व्हलला याचं उत्तर द्यावंच लागलं. रीडने म्हणे समाजाचं भविष्य गणिताने मांडून पाहिलं आणि विरोध केला तर सर्वनाश दिसला. उत्तर हुशार आहे. पण ते मागाहून बसवलेलं ठिगळ आहे हे झाकत नाही.

तेव्हा प्रतिक्रिया वाचताना एवढं बघ, की माणूस ‘अमक्याला मारलं’ म्हणून रडतोय की ‘अमका असं करणार नाही’ म्हणून भांडतोय. मेलेले परत येतात, या धंद्यात ते नेहमीचंच आहे, आणि मग पहिला राग विरतो. पण ‘अमका असं करणार नाही’ म्हणून भांडणारा वाचक बहुतेक वेळा बरोबर असतो.

आणि हो, एवढा राग असूनही अंक खपला किती? दुकानदारांनी पहिल्याच महिन्यात अडीच लाखांहून जास्त प्रती उचलल्या. त्या काळात एक लाखाचा खप म्हणजे प्रकाशकाने पेढे वाटावेत अशी स्थिती होती. शिव्या देणारे आणि विकत घेणारे बरेचसे तेच होते. मीही त्यातलाच, फक्त शिव्या जरा कमी दिल्या.

मी एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सुपरहिरो नोंदणी कायदा घटनेच्या कसोटीवर टिकेल का, यावर आमच्याकडे मैत्रिणींत वाद झाला. तुमचं मत?
— एक वाचक, लातूर

मत द्यायला आधी मसुदा हवा ना, वकीलसाहेब! तोच कुठे नाही. ‘सिव्हिल वॉर’ म्हणजे सात अंकांची मुख्य मालिका आणि तिला जोडलेले इतर मालिकांचे अंक धरून शंभराच्या आसपास अंक, लिहिणारे हात डझनावारी. एका मालिकेत कायदा म्हणतो, नुसतं नाव नोंदवा आणि घरी बसा. दुसरीत म्हणतो, नाव नोंदवलंत की सरकारी नोकरीत या. तिसरीत नकार देणाऱ्याला खटल्याशिवाय दुसऱ्या मितीतल्या तुरुंगात टाकतात. वाचकांनी सुरुवातीपासून हीच ओरड केली, की दोन बाजूंतली एक निवडा म्हणता तर कायदा काय आहे ते एकदा सांगा. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत विचारलं होतं की तुम्ही कुणाच्या बाजूचे. पण पक्षकार समोर, आणि दाव्याचा कागदच नाही!

तुझ्यासाठी दोन जागा सांगतो. एक म्हणजे ‘फ्रंट लाइन’ ही पॉल जेंकिन्सची जोडमालिका. त्यात स्फोटातून वाचलेला स्पीडबॉल हा न्यू वॉरियर्समधला पोरगा अटकेत आहे आणि नोंदणीवर सही कर, सुटशील, असं त्याला सांगितलं जातं. तो सही करत नाही. मुख्य मालिकेत जी कायद्याची चर्चा हवी होती ती इथे, कोठडीत, होते. दुसरी म्हणजे त्या काळातली ‘शी-हल्क’, कारण ती स्वतः वकील आहे आणि सुरुवातीला कायद्याच्या बाजूने आहे. हाणामारीपेक्षा कोर्टातले डावपेच तुला आवडतील असा माझा कयास आहे.

आणखी एक. स्टॅमफर्डच्या त्याच जागेवर पुढच्या वर्षीच्या गोष्टींत मार्व्हलने सुपरहिरोंची प्रशिक्षण छावणी उभी केलेली दाखवली आहे, कँप हॅमंड. भूसंपादन कसं झालं ते कुठे लिहिलेलं नाही. तुझ्या मैत्रिणींना पुढच्या वादासाठी विषय.

माझा मुलगा तेरा वर्षांचा. वाढदिवसाला ‘सिव्हिल वॉर’ हवं म्हणतोय. यादी काढली तर शंभर अंक! शिवाय एकाच अंकाची तीन-चार मुखपृष्ठं दिसतात. फसवतात का हो हे लोक? काय घ्यावं, काय नाही?
— एक आई, कोल्हापूर

ताई, फसवत नाहीत, पण खिसा मोकळा करायची तजवीज पुरेपूर असते. मुखपृष्ठ वेगळं, आत गोष्ट तीच. ते संग्राहकांसाठी. पहिल्या अंकालाच असं वेगळं मुखपृष्ठ होतं, मायकल टर्नरच्या हातचं. तुमच्या मुलाला गोष्ट वाचायची असेल तर त्याचा काही उपयोग नाही.

सात अंकांची मुख्य मालिका एका पुस्तकात बांधून मिळते. तेवढं घ्या. त्याने ते दोनदा वाचलं आणि अजून मागितलं, तर ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’चे ५३२ ते ५३८ हे अंक असलेलं पुस्तक घ्या, कारण पीटर पार्कर या सगळ्यात घरातल्या बायकांसकट कसा भरडला जातो ते मुख्य मालिकेत नीट कळत नाही. तिथे मे काकू आहे, बायको मेरी जेन आहे, आणि जगासमोर मुखवटा काढायचा की नाही यावर स्वयंपाकघरात होणारी बोलणी आहेत. मला विचाराल तर मुख्य मालिकेपेक्षा त्यात जीव जास्त आहे. बाकी नव्वद अंकांवाचून कुणाचं काही अडलेलं नाही.

वयाचं म्हणाल तर मारामारी आहे, शाळेजवळचा स्फोट आहे, पण रक्ताचा चिखल नाही. एकदा तुम्ही स्वतः चाळा. तासाभराचं काम आहे.

तुमचा मुलगा एका बाबतीत मात्र नशीबवान. आम्ही हे महिन्याला एक अंक असं वाचायला बसलो. मे ते नोव्हेंबर २००६ असा वायदा होता. ऑगस्टमध्ये जाहीर झालं की चित्रं वेळेत होत नाहीत, अंक लांबणार. शेवटचा सातवा अंक हातात पडला फेब्रुवारी २००७मध्ये. मुख्य अंक थांबला म्हणून जोडअंकही थांबले, आणि छोट्या दुकानदारांचं त्या दिवाळीत, म्हणजे तिकडच्या नाताळात, गणित कोलमडलं. आपल्या मॅकनिव्हनच्या जागी दुसऱ्या कुणाकडून घाईत काढून घेण्यापेक्षा थांबलेलं बरं, असं मी तेव्हा म्हणायचो. दुकानदार माझ्याकडे बघायचा ती नजर सांगत नाही.

मी निवृत्त शिक्षक. आमच्या काळी इंद्रजाल कॉमिक्स होती, वेताळ आणि जादूगार मँड्रेक. ते कधी एकमेकांच्या गोष्टीत घुसून असा धुडगूस घालत नसत. हे क्रॉसओव्हरचं खूळ कुणी काढलं?
— एक वाचक, मिरज

काका, घुसत नसत असं म्हणू नका. वेताळ आणि मँड्रेक दोघांचा जन्मदाता एकच, ली फॉक. मँड्रेक १९३४चा, वेताळ १९३६चा. १९७७च्या अखेरीस वेताळाचं डायनाशी लग्न लागलं तेव्हा पाहुण्यांत मँड्रेक होता आणि त्याचा सोबती लोथारही होता. मारामारी नव्हती, जेवणावळ होती, एवढाच फरक. आपल्याकडे टाइम्सने इंद्रजाल १९६४ला सुरू केलं ते वेताळाच्या गोष्टीने. मी स्वतः मराठी अंकांचे गठ्ठे आमच्या गल्लीतल्या भाड्याने पुस्तकं देणाऱ्याकडून आणायचो, कोपरे दुमडलेले, मधलं पान नेमकं गायब असलेले.

खूळ कुणी काढलं याचं उत्तर तुम्हाला आवडेल, कारण तुम्ही पत्र लिहिणारे. मोठ्या क्रॉसओव्हरपैकी एकाचं मूळ वाचकाच्या पत्रातच आहे. १९८१मध्ये मार्व्हलची स्पर्धक कंपनी डीसीच्या ‘ग्रीन लँटर्न’च्या अंकात एका वाचकाचं पत्र छापून आलं. त्याची शंका साधी होती. ग्रीन लँटर्न आणि दुसऱ्या एका पात्राने तीन वर्षांपूर्वी बरोबर काम केलंय, मग आता ते पात्र त्याला ओळखत कसं नाही? संपादकाच्या खुर्चीत मार्व्ह वूल्फमन होता. त्याने उत्तरात लिहिलं की आमच्या विश्वात काय आहे आणि काय नाही हे एक दिवस नीट लावावं लागणार. बहुतेक संपादक असं लिहून विसरतात. हा विसरला नाही.

गुंता तरी केवढा होता! १९६१च्या एका ‘फ्लॅश’च्या अंकात आजचा फ्लॅश जुन्या फ्लॅशला भेटला, का, तर म्हणे पृथ्व्याच दोन आहेत. वाचकांना ते आवडलं. मग दोनाच्या तीन झाल्या, आणि पुढे मोजदादच राहिली नाही. वूल्फमनच्या योजनेसाठी एका अभ्यासकाला डीसीचे १९३५पासूनचे अंक वाचायला बसवलं. ती नोकरी मला कुणी का दिली नाही, हा माझा जुना सल आहे. १९८५ला, डीसीच्या पन्नासाव्या वर्षी, ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ सुरू झालं. बारा अंक, चित्रं जॉर्ज पेरेझची, एकेका पानावर जत्रा भरल्यासारखी पात्रं आणि प्रत्येकाचा चेहरा वेगळा. पहिल्या अंकापासून पृथ्व्या पांढऱ्या प्रकाशात विरायला लागतात. सातव्यात सुपरगर्ल मरते, आठव्यात फ्लॅश.

तेव्हा वाचकाचा राग पोस्टाने जायचा. पत्र लिहा, पाठवा, आणि छापून येईपर्यंत मालिका तीन-चार अंक पुढे गेलेली. पहिल्या अंकावरच्या शिव्या वाचकांसमोर यायच्या तोवर त्या शिव्या देणाऱ्याचंच मत बदललेलं असायचं. शिक्षक म्हणून तुम्हाला हे पटेल, की उत्तरपत्रिका लिहून झाल्यावर थोडा वेळ ती परत वाचायला मिळाली तर बऱ्याच चुका आपोआप जातात. आता अंक हातात पडल्यावर पाच मिनिटांत निकाल लागतो.

एक कौतुकाची गोष्ट मार्व्हलकडचीही. १९८४च्या ‘सीक्रेट वॉर्स’मधून स्पायडर-मॅन काळा पोशाख घालून परतला. जिम शूटर तेव्हा मुख्य संपादक होते. तो काळ्या पोशाखाचा विचार मुळात एका वाचकाने पत्राने पाठवलेला, आणि मार्व्हलने तो २२० डॉलरला विकत घेतला होता. पुढे त्या काळ्या कपड्यातूनच व्हेनम हा खलनायक निघाला. २२० डॉलर!

कॅप्टन अमेरिकाला हायड्राचा माणूस केलं तेव्हा मी कॉमिक्स घेणंच सोडलं. पुढे म्हणे सगळं नीट झालं. मी उगाच चिडलो का?
— एक वाचक, मडगाव

अजिबात नाही. तुम्ही ज्या प्रकारचं चिडलात, त्याला मी वर नाशिकच्या मुलाला लिहिताना सगळ्यांत महत्त्वाचा राग म्हटलं आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. मे २०१६मध्ये ‘कॅप्टन अमेरिका: स्टीव्ह रॉजर्स’चा पहिला अंक आला, लेखक निक स्पेन्सर. शेवटच्या पानावर कॅप्टनच्या तोंडी हायड्राचा जयजयकार. आणि हायड्रा म्हणजे मार्व्हलच्या जगात नाझींच्या मांडीला मांडी लावून बसलेली संघटना. आता कॅप्टनची जन्मकथा आठवा. ज्यो सायमन आणि जॅक कर्बी, दोघे ज्यू घरांतले. त्यांनी काढलेला पहिला अंक डिसेंबर १९४०मध्ये विक्रीला आला आणि मुखपृष्ठावर कॅप्टन हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारतोय. पर्ल हार्बरला अजून वर्ष होतं, अमेरिका युद्धात नव्हती. त्या मुखपृष्ठापायी दोघांना अमेरिकेतल्या नाझीसमर्थकांच्या धमक्या आल्या. अशा पात्राच्या तोंडी, तेही त्याच्या पंच्याहत्तरीच्या उत्सवात, हे वाक्य घालायचं, आणि वाचकाने म्हणायचं ‘बघू या पुढे काय होतं’?

पुढच्याच अंकात उलगडलं की विश्वाला हवं तसं वळवणारा कॉस्मिक क्यूब एका लहान मुलीच्या रूपात आहे आणि रेड स्कल या कॅप्टनच्या जुन्या वैऱ्याने तिला फितवून कॅप्टनचा भूतकाळच बदलून घेतला. तांत्रिकदृष्ट्या चोख. ‘हा माणूस असं करणार नाही’ याला लेखकाने दिलेलं उत्तर असं की, बरोबर, करणार नाहीच, हा तो माणूस नव्हे. पण ती गोष्ट ‘सीक्रेट एम्पायर’ या क्रॉसओव्हरपर्यंत, २०१७पर्यंत ताणली. त्या वसंतात तर कंपनीला पत्रक काढून वाचकांना विनवावं लागलं की निष्कर्ष काढण्याआधी गोष्ट पूर्ण होऊ द्या. आणि त्याच सुमारास दुकानदारांसाठी हायड्राच्या चिन्हाचे टी-शर्ट पाठवायचीही टूम निघाली. नोकरांनी ते घालून काउंटरवर उभं राहायचं! बऱ्याच दुकानदारांनी हात जोडले. एकीकडे धीर धरा म्हणायचं आणि दुसरीकडे ते चिन्ह छातीवर मिरवायला लावायचं, यात कथानकाचा काही संबंध नाही. तो जाहिरातवाल्यांचा आंधळेपणा आहे.

पण काहींनी अंक जाळले, लेखकाला जिवे मारण्याच्या धमक्या दिल्या. कर्बीला धमक्या देणारे कोण होते ते वर लिहिलंच आहे, मग कर्बीच्या पात्रासाठी तेच करणाऱ्यांना काय म्हणायचं? तुम्ही पैसे द्यायचं थांबलात. वाचकाच्या हातात तेवढंच असतं आणि ते पुरतं. परत सुरू करायचं असेल तर एड ब्रुबेकरची मालिका घ्या, २००५पासूनची. त्यातला कॅप्टन तुम्हाला ओळखीचा वाटेल.

टोनी की कॅप्टन? एका शब्दात.
— दोघे भाऊ, सोलापूर

कॅप्टन. (दुसरा शब्द खर्च करायची परवानगी असेल तर, पहिल्या अंकात मुलगा गमावलेली मिरियम शार्प अंत्यविधीच्या ठिकाणी टोनीवर थुंकते ते दृश्य पुन्हा वाचा. त्यानंतर टोनी जे करतो ते मला पटत नाही, पण का करतो ते कळतं. तुम्हा दोघांतल्या धाकट्याने टोनीची बाजू घेतली असणार.)

आमच्या मतांवर कधी खरंच गोष्ट ठरते का? की सगळं आधीच ठरलेलं असतं?
— एक वाचक, ठाणे

ठरते, आणि त्याचे परिणाम भयंकर असतात. १९८८च्या सप्टेंबरमध्ये डीसीने दोन फोन नंबर छापले. बॅटमनचा चेला रॉबिन, म्हणजे तेव्हाचा जेसन टॉड, मरावा की जगावा? एका फोनला पन्नास सेंट. मरावा म्हणणारे ५,३४३, जगावा म्हणणारे ५,२७१. बहात्तर मतांनी पोरगं गेलं. मग जे मेलं म्हणून खवळले त्यांच्यात ‘मरावा’वाले किती होते, कुणाला ठाऊक.

क्रॉसओव्हरमध्ये हा प्रयोग झाला १९९६ला, ‘डीसी व्हर्सेस मार्व्हल’मध्ये. दोन कंपन्यांचे वीर आमनेसामने, आणि पाच मोठ्या लढतींचा निकाल वाचकांच्या मतपत्रिकांवर. मालिका सुरू होण्याच्या आधीपासून दुकानांत पैजा, आणि निकाल लागल्यावर मालिका संपेपर्यंत शिमगा. सुपरमॅनने हल्कला हरवलं, बॅटमनने कॅप्टनला, स्पायडर-मॅनने सुपरबॉयला. वंडर वूमनला एक्स-मेनमधल्या स्टॉर्मने हरवलं आणि त्यावर तिचे चाहते आजही बोट ठेवतात, कारण ताकदीचा हिशेब मांडला तर तो निकाल लागतच नाही. तिथे मत ताकदीला नव्हतं, लोकप्रियतेला होतं. त्या वर्षांत एक्स-मेनवाल्यांचा दरारा केवढा होता!

पाचवी लढत मार्व्हलचा वुल्व्हरिन आणि डीसीचा लोबो यांची. दोघेही आडदांड, चाहतेही तसेच. लेखकाला ठाऊक होतं की मतांनी वुल्व्हरिन जिंकणार आणि ती लढत खरी वाटेल अशी रंगवता येणार नाही. म्हणून त्यांनी काय केलं, तर दोघांना दारूच्या गुत्त्यात काउंटरमागे पाडलं. हाणामारीचा एकही फटका दिसत नाही. मग एकटा वुल्व्हरिन सिगार घेऊन वर येतो. लोबोच्या चाहत्यांना विचारा, ते सांगतील की काउंटरमागे नक्की काय झालं ते अजून सिद्ध व्हायचंय.